घरचं क्रीम लिकर: फाटतं कुठे, टिकतं कसं? (नाशिकचा अनुभव)

गोदाकाठ | ५ डिसेंबर, रात्री १०:१२

थंडी पडली की आमच्या घरी दोन गोष्टी ठरलेल्या. सकाळच्या चहाला निफाडचा पारा किती उतरला याची चर्चा, आणि माझी क्रीम लिकरची, म्हणजे क्रीम आणि दारू मिसळून केलेल्या गोड पेयाची तयारी. यंदाचं चौथं वर्ष. आमच्याकडे ३१ तारखेला गच्चीवर शेकोटी असते, सगळे नणंद-दीर, भाचरं जमतात. जेवण झालं की मोठ्यांना छोट्या ग्लासातून हे देते. लोक वर्षभर आठवण काढतात, म्हणून यात मला हयगय चालत नाही.

पहिल्या वर्षी पार बिघडलं होतं. ते आधी सांगते, कारण बरेच जण तीच चूक करतात. मी घरची साय वापरली. म्हशीच्या दुधाची, चार दिवस साठवलेली, पोळीसारखी जाड. कंडेन्स्ड मिल्कबरोबर मिक्सरला लावली आणि झाकणाच्या भोकातून व्हिस्की ओतत राहिले. आधी भांड्यातून घट्ट घुरघुर येत होती, मग एकदम आवाज पोकळ झाला, आत पाणी खळखळल्यासारखा. झाकण उघडलं तर पात्याभोवती लोण्याचा गोळा आणि खाली कॉफीच्या रंगाचं ताक. व्हिस्की गेली, डबा गेला आणि हातात काही आलं नाही.

आता माझं प्रमाण ठरलंय. कंडेन्स्ड मिल्कचा ४०० ग्रॅमचा एक डबा, टेट्रा पॅकमधलं २५ टक्के फॅटचं क्रीम २५० मिली, आणि व्हिस्कीचा एक अद्धा, म्हणजे ३७५ मिली. दोन चहाचे चमचे इन्स्टंट कॉफी, एक सपाट चमचा कोको, अर्धा चमचा व्हॅनिला. कॉफी आणि कोको आधी दोन-तीन मोठे चमचे उकळत्या पाण्यात घोटून घ्यायचे आणि पूर्ण गार होऊ द्यायचे. कोको गार पदार्थात थेट टाकला तर गुठळ्या शेवटपर्यंत फुटत नाहीत.

अद्धाच का, ते सांगते. भारतीय व्हिस्कीच्या लेबलवर बहुतेक वेळा ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. ३७५ मिलीत निव्वळ अल्कोहोल १६० मिलीच्या आसपास. कंडेन्स्ड मिल्क पाण्यापेक्षा जड, त्यामुळे ४०० ग्रॅम मापात साधारण ३०० मिली भरतं. सगळं मिळून सव्वानऊशे मिलीच्या वर जातं. म्हणजे आपलं लिकर १७ टक्क्यांच्या जवळ येतं, आणि बाजारातल्या नावाजलेल्या आयरिश क्रीमवरही १७ हाच आकडा असतो. व्हिस्की कमी घातली तर चव गोड लागते पण टिकायला कमी पडतं.

क्रम असा: मोठ्या भांड्यात कंडेन्स्ड मिल्क, त्यात कॉफी-कोको, मग व्हिस्की अगदी बारीक धारेनं, चमच्यानं एकाच दिशेला ढवळत. क्रीम सगळ्यात शेवटी, हलक्या हातानं. मिक्सर नाही आणि रवीही नाही. रवी लोणी काढायलाच असते.

प्रश्न आता. यंदाची पहिली बाटली २७ नोव्हेंबरला केली. आज पाहिलं तर गळ्याशी करंगळीएवढं जाड, पिवळसर कडं धरलंय. वास चांगला आहे. हे खराब झालं म्हणायचं का?

दूधसंकलन_सिन्नर | ५ डिसेंबर, रात्री ११:०५

ताई, मी दारू घेत नाही, पण दूध रोज सकाळ-संध्याकाळ हातातून जातं. कड्याचं नंतर सांगतो, आधी तुमची साय का फाटली ते.

संकलन केंद्रावर आमच्याकडे फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) काढायच्या आधी ज्या कॅनची शंका येते त्याची अल्कोहोल टेस्ट होते. परीक्षानळीत ५ मिली दूध, त्यात ५ मिली ६८ टक्क्यांचं अल्कोहोल. नळी दोन-तीनदा उलटी-सुलटी करायची आणि उजेडाला धरायची. चांगलं दूध काचेवरून पातळ पापुद्र्यासारखं घसरतं. आंबट व्हायला लागलेलं, नुकत्याच व्यायलेल्या गायीच्या चिकाचं किंवा कासदाह झालेल्या जनावराचं दूध असेल तर नळीच्या भिंतीवर रव्यासारखी कणी दिसते. कणी दिसली की कॅन परत. शेतकरी नाराज होतो, पण ते दूध पुढे तापवलं की फाटणारच असतं.

म्हणजे अल्कोहोल हा दुधाची परीक्षा घेणारा पदार्थ आहे, आणि तुम्ही बाटलीत तीच परीक्षा घेताय. दुधातलं केसीन, म्हणजे मुख्य प्रथिन, बारीक कणांच्या रूपात असतं, त्या कणांभोवती पाण्याचं पांघरूण असतं, त्यामुळे ते एकमेकांना चिकटत नाहीत. अल्कोहोल ते पाणी ओढून घेतं. दूध ताजं असेल तर कण तग धरतात. आंबटपणा आधीच चढला असेल तर धरत नाहीत. चार दिवसांची साय जिभेला आंबट लागत नसली तरी तिच्यात विरजणाचं काम सुरू झालेलं असतं. त्यात ती मिक्सरला लावली, म्हणजे तूप कढवायच्या आधी आपण जे करतो तेच झालं.

यावर घरगुती उपाय सांगतो. डबा फोडायच्या आधी काचेच्या वाटीत एक चमचा क्रीम आणि एक चमचा तीच व्हिस्की मिसळा. पाच मिनिटांनी वाटी तिरकी करून काचेकडे पाहा. कणी दिसली तर ते क्रीम वापरू नका. दोन चमच्यांत कळतं.

आता कडं. ते बहुधा स्निग्धांश आहे. दुधातला फॅटचा थेंब सरासरी ३-४ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, तो हलका म्हणून वर येतो. कारखान्यात होमोजिनायझर असतो, तो प्रचंड दाबानं दूध बारीक फटीतून ढकलतो आणि थेंब इतके लहान करतो की त्यांना वर यायला फार वेळ लागतो. घरी चमच्यानं ते होत नाही. बाटली हलवा. कडं विरघळून एकजीव झालं आणि काच स्वच्छ निघाली तर चिंता नाही. काचेला कणी चिकटून राहिली किंवा आंबूस वास आला तर सरळ मोरीत ओता, चव बघायलाही जाऊ नका.

गोदाकाठ | ५ डिसेंबर, रात्री ११:३१

दादा, मनापासून आभार. आत्ता जाऊन हलवलं. विरघळलं आणि काच स्वच्छ आहे. चार वर्षं करतेय, पण अल्कोहोलनं दुधाची परीक्षा होते हे मला माहीतच नव्हतं. आता माझा क्रम का जमतो तेही लक्षात आलं. व्हिस्की आधी कंडेन्स्ड मिल्कमध्ये मुरते तेव्हा मिश्रण २३ टक्क्यांच्या आसपास येतं, म्हणजे क्रीमला ४२ टक्क्यांचा धक्का थेट बसत नाही.

वेलीखालचा | ६ डिसेंबर, सकाळी ७:४०

दिंडोरी तालुक्यातून. आमची साडेतीन एकर द्राक्षं, त्यातली एक एकर वाईनची, बाकी थॉम्पसन, म्हणजे खायची बिनबियांची.

ताई, नाशिकमध्ये राहून व्हिस्की का, वाईन का नाही, असं मला वाटलं होतं. १९९९ मध्ये गंगापूर धरणाच्या बाजूला सुला उभी राहिली, २००० मध्ये तिची पहिली वाईन आली आणि त्यानंतर इथल्या कितीतरी शेतांत शेनिन ब्लां आणि शिराझच्या वेली लागल्या. नाशिक व्हॅली वाईनला भौगोलिक मानांकन आहे. मग आपल्या मातीचं क्रीम लिकर आपल्या वाईनचं का नको?

गेल्या वर्षी केलं. गोड पांढरी वाईन आणली, क्रीम गार, सगळं गार. पहिल्या धारेलाच दह्यासारख्या गुठळ्या झाल्या. मला वाटलं क्रीम शिळं असेल, म्हणून दुसरं पाकीट आणलं. तेही तसंच.

नंतर वाईनरीत काम करणाऱ्या मित्रानं समजावलं. वाईनचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) ३ ते ३.८ च्या दरम्यान असतो आणि केसीन ४.६ ला गोळा होतं. वाईनमध्ये टार्टारिक आम्ल असतं, ते द्राक्षाचंच. म्हणजे आपण दुधात लिंबू पिळल्यासारखं होतं. क्रीम कितीही ताजं असलं तरी उपयोग नाही.

द्राक्षच हवं असेल तर वाट आहे, ब्रँडीची. द्राक्षाची ब्रँडी म्हणजे वाईनचं ऊर्ध्वपातन. टार्टारिक आम्ल वाफेबरोबर वर जात नाही, खाली भांड्यातच राहतं. त्यामुळे ब्रँडी क्रीमशी भांडत नाही. फक्त बाटली घेताना लेबल वाचा. आपल्याकडे ब्रँडी नावाच्या पुष्कळ बाटल्यांत मळीचं स्पिरिट असतं. लेबलवर द्राक्षाचा स्पष्ट उल्लेख असेल तीच घ्या.

पाथर्डीफाटा_स्वाद | ६ डिसेंबर, दुपारी १:१५

मी साखर टाळते, म्हणून कंडेन्स्ड मिल्कऐवजी दूध आटवून त्यात गूळ घातला. व्हिस्की घालायच्या आधीच पाणी आणि चोथा वेगळा झाला. असं का?

दूधसंकलन_सिन्नर | ६ डिसेंबर, दुपारी २:०२

ताई, गुळात आंबटपणा असतो. गुळाची खीर करताना आजी गूळ शेवटी, भांडं खाली उतरवून का घालायच्या? याचसाठी. गरम दुधात गूळ पडला की फाटण्याची भीती. इथे त्यावर अल्कोहोल पण येणार. आणि साखर टाळायची म्हणून गूळ हे मधुमेहाला चालत नाही, दोन्ही सारखंच. साखर इथे चवीपुरती नसते, ती घट्टपणा देते आणि टिकायलाही मदत करते. कमी गोड हवं तर ग्लास छोटा घ्या, प्रमाण मोडू नका.

देवळालीकर | ६ डिसेंबर, रात्री ९:२०

वाचून फार आनंद झाला. देवळाली कॅम्पात माझं लहानपण गेलं. शेजारी एक पारशी आंटी होत्या. नाताळच्या आठवड्यात त्यांच्या ओट्यावर केकचं सामान, रममध्ये भिजवलेला सुकामेवा, आणि सगळ्या घराला दालचिनीचा वास. त्यांच्याकडे परदेशातून आलेली तपकिरी क्रीम लिकरची बाटली कपाटात मागे असायची. आम्हा मुलांना ती पाहायचीही परवानगी नव्हती.

हा पेय-प्रकार जुना परंपरागत असेल असं मला कित्येक वर्षं वाटायचं. तसा तो नाही. १९७३ मध्ये लंडनला डेव्हिड ग्लकमन आणि ह्यू सेमूर-डेव्हिस या दोघांनी एका आयरिश कंपनीसाठी नवं पेय सुचवायचं काम घेतलं होतं. दुकानातून क्रीम आणलं, आयरिश व्हिस्कीत मिसळलं. पहिला घोट वाईट लागला. मग साखर आणि ड्रिंकिंग चॉकलेट पावडर घातली आणि जमलं. हे सगळं तासाभराच्या आत झालं असं ग्लकमननं पुढे सांगितलं आहे. १९७४ मध्ये ते पेय 'बेलीज' या नावानं बाजारात आलं. बाटली मात्र दोन वर्षं टिकेल असं क्रीम आणि दारूचं मिश्रण बसवायला डब्लिनमध्ये बराच वेळ खर्ची पडला. गोदाकाठ ताईंच्या पहिल्या वर्षात आणि त्यांच्यात म्हणूनच मला काहीच अंतर दिसत नाही.

व्हिस्कीबद्दल एक सांगतो. धुराच्या वासाची, पीटवर (दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या जळणावर) वाळवलेल्या माल्टची व्हिस्की यात घालू नका. गोड दुधात तो वास जळक्या खव्यासारखा लागतो. आयरिश व्हिस्की मऊ असते, ती चांगली. साधी भारतीयही चालते, फक्त आधी नुसती एक चमचा चाखा. घशाला बोचणारी व्हिस्की क्रीममध्ये लपत नाही.

कॉलेजरोड_९ | ७ डिसेंबर, सकाळी ११:४८

सगळ्यांना नमस्कार. मी होम बेकर आहे, नाताळला केकच्या ऑर्डरी असतात. छोट्या बाटल्यांत हे भरून केकबरोबर द्यायचा विचार आहे. २०० मिलीची बाटली, छान लेबल. करता येईल ना?

गोदाकाठ | ७ डिसेंबर, दुपारी १२:३०

नाही गं. हे मी अगदी कळकळीनं सांगते. घरी पाहुण्यांना देणं वेगळं आणि विकणं वेगळं. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, त्याखाली दारू विकायला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. केकबरोबर भेट म्हणून दिली आणि पैसे केकमध्ये धरले, असं म्हणून सुटका होत नाही. घरी बाळगायला आणि प्यायलाही परवाना असतो, तो दुकानात मिळतो. व्हिस्कीसाठी वय २५ पूर्ण लागतं. आणि कुणी घरी दारू गाळायचा विचार करत असेल तर तो मुळीच करू नका. तो गुन्हाही आहे आणि जिवाशी खेळही. आपण इथे बोलतोय ते दुकानातून आणलेल्या, सीलबंद बाटलीबद्दल.

रात्रपाळी | ७ डिसेंबर, रात्री ११:५०

मी नर्स आहे. कुणाचा आनंद कमी करायचा नाही, पण एक गोष्ट लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

हे दिसायला थेट चॉकलेट मिल्क. गोड, गार, तपकिरी. फ्रिजच्या दारात, सहा वर्षांच्या मुलाच्या उंचीवर ठेवलेलं. मुलांच्या शरीरात अल्कोहोलनं साखर झपाट्यानं खाली येते, गुंगी येते, झटका येऊ शकतो. त्यामुळे बाटली सर्वांत वरच्या कप्प्यात, मागे ठेवा. सरबताच्या, दुधाच्या, पाण्याच्या बाटलीत कधीही भरू नका. काचेची, घट्ट बुचाची बाटली घ्या आणि मोठ्या अक्षरात 'दारू' असं लिहा. मुलं नुसती चव म्हणून मागतात, तेव्हा तीच चव द्यायची तर कॉफी-कोको घातलेलं गार दूध वेगळ्या रंगाच्या पेल्यात द्या.

घरात कुणी गरोदर असेल, कुणी यकृताची, साखरेची किंवा झोपेची गोळी घेत असेल तर त्यांना आग्रह करू नका. गोड लागतं म्हणून लोक चार-चार ग्लास घेतात आणि मग गाडीला किल्ली लावतात. १७ टक्के हे साध्या बिअरच्या तिपटीहून जास्त आहे.

आणि काही परदेशी कृतींत कच्ची अंडी असतात. ती टाळा. घट्टपणासाठी कंडेन्स्ड मिल्क पुरेसं आहे.

गोदाकाठ | ८ डिसेंबर, सकाळी ८:०५

ताई, बाटली आजच वर ठेवली. ती दारातच होती आणि भाची साडेपाच वर्षांची आहे. लिहिलंत ते फार बरं झालं.

वेलीखालचा | ८ डिसेंबर, सकाळी ८:२२

टिकतं किती दिवस, ते कुणी सांगा. माझे काका म्हणतात दारू आहे म्हणजे वर्षभर राहील.

दूधसंकलन_सिन्नर | ८ डिसेंबर, सकाळी ९:१०

दादा, काकांना नमस्कार सांगा, पण नाही. कारखान्याचं मिश्रण, भांडी, बाटली, सगळं निर्जंतुक असतं. आपण चमचा, भांडं, ओटा यांच्या जिवावर करतो. पाकिटातलं यूएचटी क्रीम १३५ अंशांच्या वर काही सेकंद तापवलेलं असतं, म्हणून उघडेपर्यंत टिकतं. उघडलं की ते साधं दूधच. माझ्या मते घरचं लिकर फ्रिजमध्ये तीन आठवडे, फार तर महिना. बाटली उकळत्या पाण्यात घालून, कोरडी करून मगच भरा. ओला चमचा आत जाता कामा नये, आपण लोणच्याच्या बरणीला जपतो तसं.

पाथर्डीफाटा_स्वाद | १४ डिसेंबर, रात्री ८:४५

रविवारी केलं, यावेळी डब्याच्या दुधाचं. वाटीतली परीक्षा केली, काच स्वच्छ होती. क्रीम शेवटी, चमच्यानं. एकदम सुरेख झालं! फक्त गरम काळ्या कॉफीत ओतलं तेव्हा वर बारीक कणी आली.

देवळालीकर | १४ डिसेंबर, रात्री ९:३०

कॉफी आंबट असते आणि उकळती असली की दोन्हीचा मारा एकदम बसतो. कॉफी दोन-तीन मिनिटं निववा. आधी कपात लिकर घ्या आणि त्यावर कॉफी थोडी थोडी ओता. उलट करू नका. गडद भाजलेल्या कॉफीत आंबटपणा कमी असतो, ती चांगली. खरं तर मी बर्फावरच घेतो.

गोदाकाठ | २० डिसेंबर, रात्री १०:४०

काल ब्रँडीचं केलं. वेलीखालचा दादांनी सांगितलं तसं लेबलवर द्राक्ष पाहून बाटली घेतली. कोको अर्धाच ठेवला, कॉफी एक चमचा, आणि जायफळ जेमतेम दोन वेळा किसणीवर फिरवलं. क्रीमच्या परीक्षेला काचेची वाटी खिडकीच्या उजेडाला धरली. पापुद्रा सरळ घसरला, एक कणही नाही.

आज एक दिवस मुरल्यावर चाखलं. व्हिस्कीच्या लिकरमध्ये जिभेच्या मागे लाकडाची, थोडी कडवट चव राहते. यात ती नाही. शेवटी भिजवलेल्या मनुक्यांसारखी चव येते, आणि जायफळामुळे बासुंदीची आठवण होते. सासूबाई दारूला हात लावत नाहीत. त्यांनी फक्त वास घेतला आणि म्हणाल्या, "कोजागरीचं दूध आहे हे."

बाटल्या दोन भरल्या. दोन्ही वरच्या कप्प्यात, चिठ्ठीवर 'दारू, १९ डिसेंबर' असं लिहून. गळ्याशी आजपासूनच बारीक कडं धरायला लागलंय. रोज रात्री झोपताना एकदा हलवते.